गिरणीच्या आवारात पंक-इंडस्ट्रियलची रात्र: अर्जापासून शेवटच्या लोकलपर्यंत

गेल्या काही महिन्यांत पाच-सहा जणांनी मला एकच गोष्ट विचारली. क्लबमध्ये स्वतःच्या बँडची रात्र करायची तर सुरुवात कुठून करायची, आणि पोलिसांकडे नेमकं काय घेऊन जायचं? प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यांत सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढते. आमची रात्र चार बँडची होती, दोन पंक (म्हणजे वेगवान, ओरडून गायलेलं रॉक) आणि दोन इंडस्ट्रियल (म्हणजे यंत्रांच्या, पत्र्यांच्या आवाजातून केलेलं संगीत). ऑक्टोबर 2023 मध्ये ठरवलं, 8 फेब्रुवारी 2024 ला झाली. मधल्या काळात मी दोनदा सगळं सोडून द्यायच्या बेतात होते, तेही लिहिणार आहे.

आधी हा खटाटोप का केला ते सांगते. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे कापड विणायचे माग (साचे) चालवायचे. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. आजोबा पुन्हा कामावर गेले नाहीत. मी लहान असताना ते टीव्ही फार मोठ्याने लावायचे आणि समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखायचे. साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. तिथे तीस वर्षं काढलेल्या माणसाचे कान तसेच होतात.

कॉलेजात असताना एका मैत्रिणीने मला इंडस्ट्रियल संगीत ऐकवलं. लंडनच्या थ्रॉबिंग ग्रिसल या बँडने 1976 मध्ये इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स नावाची कंपनी काढली, त्यावरून या प्रकाराचं नाव रुळलं. कॅबरे व्होल्टेअर हे पोलादाच्या कारखान्यांच्या शेफिल्डचे. 1980 मध्ये पश्चिम बर्लिनमध्ये आइनस्ट्युर्त्सेंडे नॉयबाऊटेन सुरू झाला, ते पत्रे, स्प्रिंगा, ड्रिल मशीन वाजवायचे. आणि माझे सगळ्यात आवडते टेस्ट डिपार्टमेंट. 1984-85 च्या ब्रिटिश खाणसंपात ते साउथ वेल्सच्या संपकरी खाणकामगारांच्या गायकवृंदासोबत रंगमंचावर उभे राहिले आणि त्यांच्यासोबत रेकॉर्डही काढली. हे वाचलं तेव्हापासून डोक्यात घोळत होतं की आपल्याकडेही संप होता, आपल्याकडेही यंत्रं होती, आणि आज ज्या आवारात क्लब आहेत तिथेच ती चालत होती. तो आवाज तिथे एकदा तरी परत वाजवायचा होता.

ऑक्टोबरमध्ये मी तीन क्लबना ईमेल केले. दोघांचं उत्तरच आलं नाही. तिसरा लोअर परळमधल्या एका जुन्या गिरणीच्या आवारातला, मंजूर क्षमता 180 माणसांची. त्यांनी गुरुवार देऊ केला, कारण शुक्रवार-शनिवारी त्यांचा धंदा असतो आणि मूळ गाणी वाजवणाऱ्या अनोळखी बँडना ते वार कुणी देत नाही. अटी अशा होत्या: भाडं नाही, तिकिटाचे 70 टक्के आमचे, 30 त्यांचे, पण खाण्यापिण्याची विक्री 40 हजारांच्या खाली गेली तर फरक आम्ही भरायचा. पहिल्यांदा करणाऱ्यांनी या शेवटच्या अटीकडे नीट लक्ष द्या. ती बहुतेक वेळा तोंडी सांगितली जाते. मी सगळं ईमेलवर लिहून मागितलं आणि "मान्य" असं उत्तर आल्यावरच पुढे हलले.

तारीख मी मुद्दाम 18 जानेवारी मागितली. 2024 ला ती गुरुवारीच येत होती.

नोव्हेंबर बँड जुळवण्यात गेला. नवी मुंबईचा चौघांचा हार्डकोअर (पंकचाच जास्त वेगवान प्रकार) बँड, पुण्याचा तिघांचा पंक बँड, बंगळुरूहून एकटाच नॉइज, म्हणजे नुसत्या गोंगाटाचं संगीत, वाजवणारा मुलगा, आणि आम्ही दोघी. पुण्याच्या बँडचं एक मराठी गाणं आहे, जेमतेम दीड मिनिटाचं. जुन्या गिरण्यांत धोट्यातलं, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी तुकड्यातलं, सूत तुटलं की ते तोंडाने ओढून भोकातून काढायचे. तेवढ्या कारणावरून, म्हणजे उष्ट्याच्या विटाळावरून, दलित कामगारांना साचाखात्यात घेत नसत. तिथे पगार जास्त होता आणि तेच खातं त्यांना बंद होतं. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न लावून धरला. गाण्यात याचं स्पष्टीकरण काहीच नाही, "सूत ओढायला तोंड लागतं" एवढी एकच ओळ फिरून फिरून येते आणि शेवटी ती ओरडण्यात बदलते.

आता परवान्याचं. क्लबकडे स्वतःचे परवाने असतातच, पण तिकीट लावून बाहेरचे कलाकार आणायचे तर कार्यक्रमाचा परवाना वेगळा घ्यावा लागेल, असं क्लबच्या मॅनेजरने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी अर्ज 11 डिसेंबरला दिला. सोबत हे कागद होते: क्लबचं संमतिपत्र, त्यांच्या परवान्यांच्या प्रती, अग्निशमन दलाच्या ना हरकत दाखल्याची प्रत, जागेचा नकाशा आणि त्यावर बाहेर पडायचे दोन्ही दरवाजे दाखवलेले, कलाकारांची यादी आणि प्रत्येकाचं ओळखपत्र, कार्यक्रमाची वेळ, आणि माझं हमीपत्र. सगळ्याच्या तीन प्रती. एक माझ्याकडे ठेवून तिच्यावर पोच घेतली. पोच घ्याच. पुढे एकदा "तुमचा अर्ज दिसत नाही" असं ऐकायला मिळालं तेव्हा त्या शिक्क्यानेच काम झालं.

हे परवाने ज्या नियमांखाली येतात ते 1960 चे आहेत आणि त्यांच्या लांबलचक नावातच मेळे आणि तमाशे हे शब्द आहेत. मला ते वाचून धीर आला. गावोगाव तंबू ठोकणारे तमाशाचे फड हेच कागद वर्षानुवर्षं गोळा करत आलेत, मग आपल्याला का जमू नये, असं वाटलं.

स्थानिक पोलीस ठाण्यात चार खेपा झाल्या. पहिल्या खेपेला साहेब नव्हते. दुसऱ्या खेपेला हवालदारांनी विचारलं, "पंक म्हणजे काय असतं? गाण्यात शिव्या आहेत का?" प्रश्न वावगा नव्हता, त्यांना सही करायची होती. मी घरी येऊन चारही बँडच्या सगळ्या गाण्यांचे शब्द टाइप केले, इंग्रजी गाण्यांखाली मराठीत दोन-दोन ओळींचा सारांश लिहिला. एकूण 31 गाणी, 14 पानं. या कामाला दोन रात्री गेल्या, पण माझ्या मते सगळ्या फाइलमधलं सगळ्यात उपयोगी तेच निघालं. तिसऱ्या खेपेला हवालदार ती पानं माझ्यासमोरच वाचायला बसले. पुण्याच्या बँडच्या त्या ओळीवर थांबले, ती दोनदा वाचली, काही बोलले नाहीत, आणि पान उलटलं.

चौथ्या खेपेला, 4 जानेवारीला, साहेब भेटले. 21 ला मॅरेथॉन, 22 ला अयोध्येतल्या राममंदिराच्या सोहळ्याचा बंदोबस्त, मागोमाग 26 जानेवारी. "मॅडम, मी कार्यक्रमाला नाही म्हणत नाही, तारखेला नाही म्हणतोय," ते म्हणाले.

मी ठाण्याबाहेर येऊन बसस्टॉपवर बसले आणि रडले. पोस्टर छापून झालं होतं, बंगळुरूच्या मुलाचं रेल्वेचं तिकीट काढलेलं होतं, आणि मुख्य म्हणजे ती तारीखच तर सगळ्याच्या मुळाशी होती. त्या संध्याकाळी नानांकडे गेले. नाना आमच्या चाळीतले, वय 79, आजोबांच्याच खात्यात साचेवाले होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं, संप काय एक दिवसाचा होता का? फेब्रुवारीतही चालूच होता."

दुसऱ्या दिवशी मी 8 फेब्रुवारीचा अर्ज दिला.

तारीख पुढे गेली त्याचा एक फायदा झाला, आम्हाला रेकॉर्डिंगसाठी वेळ मिळाला. 14 जानेवारीच्या रविवारी नाना, मी आणि माझी बँडमधली जोडीदार भिवंडीला गेलो. तिथे साधे यंत्रमाग अजून चालतात. ओळखीतून एका कारखान्यात दोन तास मिळाले. हातातल्या छोट्या रेकॉर्डरचा गेन (आवाज किती वाढवून आत घ्यायचा ती पातळी) मी नेहमीसारखा ठेवला आणि पहिली दहा मिनिटं फुकट गेली, सगळा आवाज फाटलेला. मागाचा ठोका अचानक आणि फार वर जातो. गेन अगदी खाली ठेवा, नंतर वाढवता येतं, फाटलेलं दुरुस्त होत नाही. मालकाला विचारल्याशिवाय रेकॉर्डर काढू नका आणि कामगारांचे चेहरे चित्रित करू नका. निघताना कानात बोळे असूनही शिट्टी वाजत होती. तिथला एकही कामगार कानात काही घालत नव्हता.

आम्ही मोजलेला माग मिनिटाला 132 पीक मारत होता, म्हणजे धोट्याच्या तेवढ्या फेऱ्या. नवी मुंबईच्या बँडची ड्रमर हे ऐकून म्हणाली, हा तर आमच्या संथ भागाचा वेग आहे. तिथेच ठरलं की आमच्या भागाच्या शेवटी ती येऊन त्याच वेगावर वाजवेल.

नानांना मात्र एका मागाचं रेकॉर्डिंग पटलं नाही. "एक साचा म्हणजे आवाज नव्हे. खातं पाहिजे." ते बरोबर होतं. शेजारी शेजारी चालणारे माग कधीच एका ठोक्यात पडत नाहीत. पुढे-मागे सरकत राहतात आणि त्यातून एक तिसरीच लय उभी राहते. मग आम्ही सहा वेगवेगळ्या मागांची रेकॉर्डिंग घेतली, प्रत्येकाची चार थरांत मांडणी केली, वेग अगदी किंचित वेगवेगळे ठेवले. चोवीस साचे झाले.

परतताना नानांनी घरी नेऊन कपाटातून एक धोटा काढला. दीड वीत लांब, जड लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी टोपी, मधे कांडी बसवायची खाच, आणि बाजूला चिनी मातीचं बारीक भोक. हात लागून लागून लाकूड इतकं गुळगुळीत झालेलं की पहिल्यांदा हातातून निसटतो की काय असं वाटलं. "हा वाजव," म्हणाले.

धोट्याला आणि एका पत्र्याला आम्ही पिझो डिस्क, म्हणजे थरथर पकडून तिचा विजेचा संकेत करणाऱ्या पातळ चकत्या, चिकटवल्या. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात त्या फार स्वस्तात मिळतात. दोन वायरी डाग देऊन जोडल्या, वर गरम गोंद, झाला कॉन्टॅक्ट माइक. मात्र तो सरळ मिक्सरला लावू नका, आवाज पातळ आणि पत्र्याच्या डब्यासारखा येतो. मधे जास्त इम्पीडन्सचा (विजेला जास्त अडथळा असलेला) प्रीअँप, म्हणजे बारीक संकेत वाढवणारा डबा, लागतो, तो लावला की खालचा घुमारा येतो. माझा एक आठवडा हे कळण्यात गेला.

पत्र्यावर ग्राइंडर लावून ठिणग्या पाडायचं आमच्या मनात होतं. क्लबने स्पष्ट नाही सांगितलं, धुराचं मशीनही नको म्हणाले. मी वाद घातला नाही. 29 डिसेंबर 2017 ला कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत 14 माणसं गेली, आणि आम्ही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर होतो. अशा ठिकाणी दोन मिनिटांच्या दृश्यासाठी हट्ट धरणं मला पटत नाही. ग्राइंडरचा आवाज आम्ही घरी रेकॉर्ड करून घेतला.

गाण्यांच्या हक्कांबद्दल थोडक्यात. दुसऱ्याचं गाणं वाजवणार असाल तर रचनेच्या हक्कांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना लागतो. आम्ही सगळ्यांना सांगून कव्हर गाणी काढून टाकली आणि "सर्व रचना स्वतःच्या, रचनाकार कुठल्याही संस्थेचे सदस्य नाहीत" असं प्रत्येक बँडच्या सहीने लिहून दिलं. सही करण्याआधी आपापल्या बँडमध्ये नीट विचारा, एखाद्याने कधी सदस्यत्व घेतलेलं असतं आणि तो विसरलेला असतो. मधल्या वेळेत लावायच्या रेकॉर्डसाठी क्लबचा स्वतःचा परवाना होता, त्याचं पत्र मागून घेतलं. तिकीट 399 ठेवलं, कारण अशा कार्यक्रमाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही.

परवाना हातात आला 6 फेब्रुवारीला, संध्याकाळी पाचला. कार्यक्रमाला दोन दिवस राहिले होते. तोवर फक्त 58 तिकिटं गेली होती, कारण कार्यक्रम होणार की नाही हे आम्हीच ठामपणे सांगू शकत नव्हतो. परवान्याचा फोटो टाकल्यावर दोन दिवसांत बाकीची गेली.

गुरुवारी दुपारी दोनला टेम्पो निघाला. डिलाईल रोडचा पूल नोव्हेंबरमध्येच पुन्हा सुरू झाला होता, त्यामुळे पाऊण तास वाचला. साउंडचेक, म्हणजे आधीची आवाजाची चाचणी, नेहमी शेवटी वाजवणाऱ्यापासून सुरू करा, म्हणजे पहिल्या बँडचं सामान जागेवरच राहतं. ड्रमर 20 वर्षांची आणि क्लबचा नियम 21 चा, म्हणून तिच्यासाठी आधीच लेखी अर्ज केला होता. तिला कलाकार म्हणून आत घेतलं, मनगटावर वेगळ्या रंगाचा पट्टा बांधला. दाराशी आम्ही फोमचे कानातले बोळे फुकट ठेवले. शंभर डेसिबलला बोळ्यांशिवाय पंधरा मिनिटं ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि आमचा कार्यक्रम साडेतीन तासांचा होता. बोळे घातले म्हणून संगीत कमी कळतं हा गैरसमज आहे. उलट शब्द स्वच्छ ऐकू येतात.

नाना सहालाच आले, धाकट्या मुलासोबत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. गर्दी व्हायच्या आधी त्यांना हॉल बघायचा होता. बारच्या मागची दगडी भिंत आणि छताच्या लोखंडी कैच्या त्यांनी बराच वेळ बघितल्या.

साडेसातला बंगळुरूच्या मुलाने सुरुवात केली, मग नवी मुंबई, मग पुणे. पुण्याचे वाजायला लागले तशी समोर पिट सुरू झाली, वीस-पंचवीस जण एकमेकांना धडकत होते. लांबून बघणाऱ्याला मारामारी वाटते. एक मुलगा घसरून पडला तर चार हातांनी त्याला पडल्या क्षणी उचललं, आणि त्याचा चष्मा सापडेपर्यंत सगळी पिट जागच्या जागी थांबली. "सूत ओढायला तोंड लागतं" तिसऱ्यांदा आलं तेव्हा माणसं सोबत ओरडत होती.

दहा वाजून दहा मिनिटांनी दाराशी दोन पोलीस आले. आवाजाची तक्रार आली होती. माझे पाय लटपटले, पण फाइल काउंटरवरच होती. परवाना, वेळ, बंदिस्त जागा, सगळं दाखवलं. रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, बंदिस्त हॉलमध्ये आतल्या आत चालतो, पण बाहेर जाणाऱ्या आवाजावर मर्यादा असतेच. त्यांनी मागचा दरवाजा दाखवला. सिगारेट ओढायला गेलेल्या कुणीतरी तो विटेने उघडा ठेवला होता. दरवाजा लावला, आम्ही खालचे सूर थोडे उतरवले, ते पाच मिनिटं बाहेर उभे राहिले आणि गेले. मागच्या दाराशी सुरुवातीपासून एक माणूस ठेवा. आम्ही ठेवला नव्हता.

दहा वीसला आम्ही. आधी पूर्ण काळोख आणि एकच माग. मग दुसरा, तिसरा. सहाव्या-सातव्या मागाला लोकांच्या माना हलायला लागल्या. चोवीस झाले तेव्हा जमिनीतून पायात येत होतं. मी धोटा पत्र्यावर आपटत होते आणि हाताला त्या लाकडाची थरथर मनगटापर्यंत जाणवत होती. नाना भिंतीला टेकून उभे होते, कानात बोळे न घालता. मधेच त्यांनी मुलाला काहीतरी सांगितलं, नुसते ओठ हलवून. मुलाने मान हलवली. त्याला कळलं होतं. ड्रमर आली आणि तिने 132 वर धरलं तशी मी धोटा खाली ठेवला, कारण हात भरून आला होता आणि डोळेही.

अकरा पाचला आवाज बंद केला. साडेअकरापर्यंत हॉल रिकामा, कारण सगळ्यांना शेवटची लोकल गाठायची होती. वेळ ठरवताना हे आधी धरा, नाहीतर मुख्य बँडच्या वेळी निम्मी माणसं उठून जातात.

हिशेब असा. 137 तिकिटं, 54,663 रुपये, त्यातला आमचा वाटा 38,264. खर्च: ड्रम आणि अँपचं भाडं 9,000, साउंड इंजिनिअर 5,000, टेम्पो 2,800, पुण्याच्या बँडचा प्रवास 3,200, बंगळुरूचा प्रवास, त्यात रद्द केलेलं तिकीटही आलं, 4,600, आणि परवाने, हमीपत्रं, छपाई, झेरॉक्स मिळून 6,750. उरले 6,914. चारही बँडना प्रत्येकी 1,700 रुपये दिले. खाण्यापिण्याची विक्री 40 हजारांच्या जेमतेम वर गेली, त्यामुळे खिशातून काही भरावं लागलं नाही. माझ्या नोकरीतल्या पाच रजा मात्र यात धरलेल्या नाहीत.

शनिवारी धोटा वर्तमानपत्रात गुंडाळून परत द्यायला गेले. पत्र्यावर आपटून एका टोकाची पोलादी टोपी किंचित सैल झाली होती, तेही सांगितलं. नानांनी ती अंगठ्याने दाबून बघितली.

"किती साचे होते म्हणालीस?"

"चोवीस."

"मोजक्या माणसांचं काम झालं ते," ते म्हणाले. "आमच्या खात्यात पाचशेच्या वर होते. ठेव तुझ्याकडेच हा."